नकाराची खुर्ची

प्रिय धाकटे,

हे पत्र घरच्या पत्त्यावर न येता तुझ्या शिवणाच्या दुकानात आलंय म्हणून धसका घेऊ नकोस. कुणी गेलेलं नाही, मला काही झालेलं नाही, आणि या वयात मी लग्नही ठरवलेलं नाही. फोन करता आला असता, पण तुझे कान असे आणि तुझा फोन कायम स्पीकरवर. मी इकडे कुजबुजले तरी तुझ्या शेजारणीला कळतं की मी आज काय जेवले. त्यात तुझी लेक सुट्टीला घरी आलेली, आणि जे सांगायचंय ते तिच्याबद्दलच आहे. तेव्हा आधी डोळ्यांत औषध घाल, जरा डोळे मिटून बस, मग गिऱ्हाइकांच्या कपड्यांच्या ढिगाआड जाऊन वाच. आणि शेवटपर्यंत वाच. तुझी खोड मला माहीत आहे, अर्धं ऐकलं की तू चपला शोधायला लागतेस.

भिंगरी तुला नेहमीपेक्षा खूश दिसत असेल. नावाप्रमाणे घरभर फिरत असेल, मधेच आरशासमोर उभी राहून हातवारे करत काहीतरी बोलून बघत असेल, आणि तू काय गं म्हणून विचारलंस की 'सांगते, सांगते' म्हणून टाळत असेल. तिला अजून काही विचारू नकोस. का ते कळायला तुला आधी माझी नोकरी कळायला हवी, आणि ती मी आजवर तुला कधी धड सांगितली नाही.

तू विचारायचीस, ताई, त्या ऑफिसात तू नक्की करतेस काय, आणि मी म्हणायचे, बसते. तू हसायचीस. ती थट्टा नव्हती गं. मला खरोखर बसायचा पगार मिळतो. बस डेपोतली माझी चौकशीची खिडकी बंद झाली आणि तिथे बटणं दाबायचं यंत्र आलं, इथपर्यंत तुला ठाऊक आहे. मग मी दिसेल तिथे अर्ज केले. माझ्या वयाच्या बाईला कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, 'कळवतो' म्हणतात. एक दिवस थांब्यावरच्या खांबाला चिकटवलेला कागद वाचला. वयाची अट नाही, अनुभवाची अट नाही, शनिवारी समूह मुलाखत. अट नाही एवढं वाचूनच मला भरून आलं. काम म्हणजे पाण्याचे फिल्टर घरोघरी जाऊन विकायचे. पण विकणाऱ्याने स्वतःला विक्रेता म्हणायचं नाही, 'जल सल्लागार' म्हणायचं. पाण्याने आजवर कुणाकडे सल्ला मागितला होता, देव जाणे.

मला त्यांनी घेतलं. ते सगळ्यांनाच घेतात, हे मला नंतर कळलं. सल्लागार म्हणून मी सपशेल आपटले. त्यांची एक पद्धत आहे, समोरच्या बाईच्या नळाचं पाणी पेल्यात घ्यायचं आणि त्यात एका बाटलीतले दोन थेंब टाकायचे. पाणी पिवळंजर्द होतं आणि बाईचा चेहरा पांढरा. मग म्हणायचं, हे तुम्ही रोज मुलांना पाजता. मला ते वाक्य कधी तोंडातून काढताच आलं नाही. मी म्हणायचे, अहो, घाबरू नका, थेंबांमुळे कुठलंही पाणी पिवळं होतं. चौकशीच्या खिडकीत आयुष्य गेलेलं. विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायची सवय हाडांत मुरलेली. एकही फिल्टर खपला नाही. प्रशिक्षणाच्या वेळी सगळ्यांसमोर बोलायला उभी केली की माझी बोबडी वळायची. आमच्या वरच्या साहेबांना तिथे सगळे कॅप्टन म्हणतात. त्यांनी मला काढून टाकायच्या ऐवजी बाजूला बोलावलं आणि दुसरं काम दिलं. म्हणाले, "ताई, तुम्ही फार छान पडता. आम्हाला असं पडणारं माणूस हवंच होतं."

आता हे काम नीट समजून घे. फर्निचरच्या दुकानावर एक हॉल आहे, दर शनिवारी भाड्याने घेतात. खुर्च्या घोड्याच्या नालासारख्या मांडायच्या, आणि मुद्दाम कमी मांडायच्या, म्हणजे शेवटी येणारे उभे राहतात आणि बसलेल्यांना वाटतं की काय ही मागणी. दाराशी प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी लावतात. ठरल्या वेळी दार बंद. मग एकेकाने उभं राहून स्वतःबद्दल बोलायचं, नंतर पेलाभर पाणी हातात घेऊन ते समोरच्याला विकून दाखवायचं. त्यानंतर चहा. ज्यांना शंका येते ते चहाच्या वेळी पिशवी उचलून सटकतात. त्याला कॅप्टन 'गळती' म्हणतात. आणि चहानंतर निवड. आता सगळ्यांनाच घ्यायचं असेल तर निवड कसली? फुकट मिळालेल्या जागेसाठी कोण आपलं चालू काम सोडून येईल? म्हणून दर वेळी एकाला नाकारतात. सगळ्यांच्या देखत, अगदी हळुवारपणे. कॅप्टन त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहतात, पाठीवर हात ठेवतात आणि म्हणतात, "मनापासून सांगतो, हे तुमच्यासाठी नाही." तो नाकारलेला माणूस खाली मान घालून बाहेर पडला की उरलेल्यांच्या पाठी ताठ होतात. आपण निवडले गेलो. आपल्यात काहीतरी आहे. तो नाकारला जाणारा माणूस म्हणजे मी. दर शनिवारी छातीवर वेगळं नाव, कधी स्वेटर, कधी स्कार्फ, कधी चष्मा, आणि पेला हातात धरून चाचरणं तेच. इतक्या वर्षांत मला कुणी ओळखलं नाही. नाकारलेल्या बाईच्या तोंडाकडे कुणी नीट बघतच नाही.

सुरुवातीला मला त्याची गंमत वाटायची. शाळेच्या नाटकात तुझी दातखीळ बसली होती आणि मी विंगेतून तुझी सगळी वाक्यं ओरडले होते, आठवतं? त्या उत्साहाने मी पडायचे. पण खोटं खोटं म्हणून रोज एक पाय ओढत चाललं ना, तर काही दिवसांनी तो पाय खरंच लंगडा होतो. भाजीवाल्याकडे मी हल्ली चांगलं निवडून घेत नाही, तो देईल ते घेते. दवाखान्यात माझा नंबर आला तरी मी मागच्याला म्हणते, तुम्ही जा. घरमालक नळ दुरुस्त करत नाही आणि मी त्याच्या दाराशी जाऊन परत येते. तू मागे म्हणालीस, ताई, तू बोलताना अडखळायला लागलीस, दात दाखवून ये. दात ठीक आहेत गं. ज्या तोंडाने मी अख्ख्या डेपोला हलवायचे ते तोंड आता दर शनिवारी पडण्यासाठी राखून ठेवलंय.

भिंगरीला ते तोंड चांगलं आठवतं. तिचे बाबा गेले त्या वर्षी तू तिला माझ्याकडे ठेवली होतीस, तेव्हा मी तिला खिडकीत घेऊन बसायचे. मी माइकवर म्हणायचे, प्रवाशांनी लक्ष द्यावे, अमुक गाडी सुटत आहे, आणि खरंच ती गाडी हलायची. तिची ठाम समजूत होती की मावशी म्हणते म्हणून गाडी सुटते. एकदा एक गाडी मी सांगूनही सुटेना, ड्रायव्हर चहाला गेला होता. तर ही पोर चिडून ड्रायव्हरला शोधत गेली, त्याचा हात धरून त्याला ओढत आणलं आणि म्हणाली, मावशीने सांगितलंय ना! सगळा डेपो हसला. मीही हसले. आज ते आठवलं की हसू येत नाही.

गेल्या शनिवारी दार बंद होता होता ती आत आली. मी आधीच बसले होते, कोपऱ्यातल्या माझ्या ठरलेल्या जागी. केस नीट बांधलेले, तू शिवलेला निळा शर्ट, हातात कॉलेजची फाइल. तिला ऐनवेळी खुर्ची आणून दिली ती नेमकी माझ्या समोर. तिने मला पाहिलं आणि कानापर्यंत लाल झाली. मी खाली बघितलं आणि पर्स छातीशी धरून माझी चिठ्ठी झाकली, कारण त्यावर कुणा भलत्याच बाईचं नाव होतं. तिला वाटलं असणार, मावशीची नोकरी गेली आणि बिचारी लाजेने कुणाला बोलली नाही. मी घाबरले ती वेगळ्या कारणाने. त्या हॉलमधून आत गेलेली पोरं पुढे कशी होतात ते मी पाहिलंय. पहिल्याच दिवशी त्यांना ओळखीच्या माणसांची नावं लिहायला लावतात, आई, मावशी, मैत्रिणी, शाळेतल्या बाई. मग त्या नावांकडे एकेक करून जायचं, पेला आणि थेंब घेऊन. सगळी नावं संपतात तेव्हा फिल्टर संपलेले नसतात, माणसं संपलेली असतात. आणि कॅप्टनची अट एकच, एक पाय इकडे आणि एक तिकडे चालणार नाही. हातातलं सोडून यायचं.

तिची पाळी आली. उभी राहिली आणि सरळ खरं बोलली, कुणाची शिकवण असते बघ. म्हणाली, "मी लॅब टेक्निशियनचा कोर्स करते, शेवटचं वर्ष आहे. पण आईचे डोळे चाललेत. कोर्स संपून नोकरी लागेपर्यंत तिने मशीनवर बसू नये असं मला वाटतं. म्हणून आत्ताच काहीतरी कमवायचंय." हे तू तिला कधी सांगितलंस गं, डोळ्यांचं? की तिला आपोआप कळलं? कॅप्टनचे डोळे असे चमकले की मला त्या माणसाला हाणावंसं वाटलं. होस्टेलभर मुली, म्हणजे केवढी नावं. तरी तिच्या तोंडावर शंका दिसत होती. खिडकीत बसून मला एक गोष्ट येते, माणूस कसा वाकतो त्यावरून त्याला जायचंय की थांबायचंय ते कळतं. ती जाणार होती. फाइल तिने मांडीवर उभी धरली होती आणि पाय दाराकडे होते. मी गप्प बसले असते आणि नेहमीसारखी पडले असते तर चहाच्या वेळी ती गळतीत निघून गेली असती. आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

पण मला स्वस्थ बसवलं नाही. मी हिशेब मांडला. नकाराची खुर्ची एकच असते. आज मी पडलेच नाही, तर ती खुर्ची दुसऱ्या कुणालातरी द्यावी लागेल. मग कुणाला? अर्धवट शिक्षणाची, सगळ्यात लहान, तीच नाही का? कॅप्टन तिलाच नाकारतील, ती रडेल, होस्टेलवर जाईल आणि सुटेल. केवढं शहाणपण! मी नेहमी सगळ्यांत शेवटी बोलते. उठले, पेला हातात घेतला, आणि चाचरले नाही.

काय बोलले ते सगळं तुला सांगत नाही, लाज वाटते. पण थोडं ऐक. म्हणाले, मी आयुष्यभर एका खिडकीत बसले. माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस घाबरलेला असायचा, आपली गाडी चुकली म्हणून. मी त्याला फक्त सांगायचे, अजून चुकलेली नाही, त्या तिकडे उभी आहे. त्याचा जो श्वास मोकळा व्हायचा ना, तो मी ऐकलाय. हे पाणी मी विकत नाही, तो श्वास देते. आणि तुम्हाला वाटतंय तुमची गाडी गेली. गेलेली नाही. ती इथे उभी आहे. आणि कॅप्टनचं दर शनिवारचं भाषण पाठ असल्यामुळे तेही ओघात आलं. म्हणाले, सगळ्यात आधी तुम्हाला घरचेच अडवतील. आई अडवेल, बहीण अडवेल. ज्यांचा तुमच्यावर जीव आहे तेच म्हणतील, हे खोटं आहे, परत ये. तसं कुणी म्हणालं की समजा, आपण बरोबर गाडीत बसलोय. धाकटे, माझा आवाज डेपोतला होता. भिंतीपर्यंत जात होता. इतक्या दिवसांनी मी मला ऐकत होते, आणि मला ते इतकं आवडलं की थांबायचं तिथे मी थांबले नाही. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. भिंगरी सगळ्यांत जोरात. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फाइल खुर्चीखाली ठेवलेली होती.

चहाच्या वेळी ती धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. कानात म्हणाली, "मावशी, मी निघालेच होते गं. त्या माणसाचं बोलणं मला खोटं वाटत होतं. तू बोललीस म्हणून थांबले." मी तिचा दंड धरला आणि म्हणाले, खोटंच आहे, सगळं खोटं आहे, आत्ताच्या आत्ता घरी जा. तर ती हसली. माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "तूच सांगितलंस ना, घरचेच पहिले अडवतात!" तिला वाटलं मी तिची परीक्षा घेतेय. माझं बोलणं तिने इतकं नीट ऐकलं होतं की आता माझंच दुसरं काही तिच्या डोक्यात जायला जागा नव्हती.

मग निवड झाली. कॅप्टन माझ्याकडे दोनदा रागाने बघून सगळ्या नालाभोवती फिरले. भिंगरीच्या मागून गेले आणि थांबले नाहीत. थांबले ते एका पिवळ्या स्वेटरच्या बाईच्या मागे. माझ्याएवढीच असेल. कुठल्याशा लॉन्ड्रीत इस्त्री करायची, ती लॉन्ड्री बंद पडली, एवढंच ती बोलली होती. तिच्या पाठीवर हात ठेवून त्यांनी ते वाक्य म्हटलं. धाकटे, एवढी वर्षं मी ते चुकीचं करत होते. मी मान खाली घालायचे, ओठ थरथरवायचे, रुमाल काढायचे. त्या बाईने तसं काही केलं नाही. ती म्हणाली, बरं, थँक यू. उठली, आपला चहाचा पेला ट्रेमध्ये नेऊन ठेवला, मग आपली खुर्ची उचलून भिंतीला लावली, जशी आली तेव्हा होती तशी, आणि दार हलकेच ओढून घेतलं. माझ्या भाषणानंतर चहाच्या वेळी कुणीच गळलं नव्हतं, म्हणजे त्या हॉलमधून त्या दिवशी सुटलेली ती एकटीच, आणि ते तिला कधी कळणार नाही. तिला एवढंच कळलं असेल की जिथे कुणालाही घेतात तिथेही मला घेतलं नाही. मी तिच्यामागे जायला हवं होतं. मी टाळ्या वाजवणाऱ्यांत उभी होते, निवड झालेली.

खाली उतरल्यावर थांब्यावर मी भिंगरीला सगळं सांगितलं. चिठ्ठी काढून दाखवली, भलतं नाव वाचायला लावलं. म्हटलं, मला तिथे पगार मिळतो तो नाकारलं जाण्याचा. ती शांतपणे म्हणाली, "पण मावशी, तुला तर घेतलं त्यांनी. मी बघितलं की." चिठ्ठीवरचं नाव तिने दाराशी झालेली गडबड म्हणून सोडून दिलं. उलट माझीच समजूत घातली की तू स्वतःला कमी लेखतेस, नोकरी गेल्यापासून तुझं हे असं झालंय, आता आपण दोघी मिळून करू. वर शपथ घातली की आईला मी सांगेन, तू सांगू नकोस. तिची बस आली. ती चढली आणि खिडकीतून हात हलवत राहिली, लहानपणी डेपोतून निघताना हलवायची तसाच. सुट्टी संपली की ती कोर्स सोडायचा अर्ज देणार आहे. कागद तिच्या त्याच फाइलमध्ये आहे.

कॅप्टनने मला संध्याकाळी बोलावलं. वाटलं होतं, काढून टाकतील. तर म्हणाले, हे तुमच्यात आहे ते कुठे लपवलं होतं, आता तुम्हाला पुढे उभं राहून बोलायचंच काम देतो. म्हणजे बघ, पायावर धोंडा पाडून घेतला तर धोंड्यालाच बक्षीस. मी त्यांना म्हणाले, साहेब, ते चुकून झालं, पुन्हा जमणार नाही, मला माझ्या जुन्या जागेवर बसू द्या. ते बघतच राहिले. त्या खुर्चीवर बसू द्या म्हणून याआधी कुणी हात जोडले नसतील. मग खांदे उडवून हो म्हणाले. येत्या शनिवारी मी परत कोपऱ्यात असेन.

आता तुझी पहिली इच्छा काय होईल ते मला इथे बसून दिसतंय. घरी जाऊन तिचा कान धरायचा. ते तेवढं करू नकोस. तू नाही म्हणालीस की तिला वाटेल, बरोबर गाडीत बसले. रडलीस तर आणखी घट्ट बसेल. तुझ्या डोळ्यांसाठीच तर ती हे करतेय. तिला आपण दोघी जे जे म्हणू शकतो ते मी आधीच त्या हॉलमध्ये खोडून ठेवलंय, आणि चांगल्या खणखणीत आवाजात. रात्रभर विचार करून माझी मती कुंठित झाली. शब्दांनी आता काही होणार नाही. तिने फक्त डोळ्यांनी बघितलं तर होईल.

म्हणून हे पत्र. आज उद्या ती तुझ्यासमोर पेला घेऊन बसेल, कारण निवडीनंतर लगेच थेंबांची बाटली देऊन लिहून घेतलेल्या नावांमध्ये पहिलं नाव तुझं आहे. पाणी पिवळं झालं की घाबरल्यासारखं कर आणि म्हण, मलाही तुझ्याबरोबर यायचंय, शनिवारी मला मुलाखतीला ने. ती आनंदाने वेडी होईल. तो आनंद बघवणार नाही तुला, पण बघ. नव्या सल्लागारांना त्या दिवशी वर येऊ देत नाहीत, खाली थांबवतात. तेव्हा तू दार बंद व्हायच्या वेळी पोच आणि तुझ्या त्या मोठ्या आवाजात सगळ्यांच्या देखत सांग की मला ऐकू येत नाही, लेक शेजारी बसून कानात सांगेल, नाहीतर मी ही निघाले. चारचौघांत कॅप्टन नाही म्हणणार नाहीत. मग आत ये आणि कोपऱ्याकडे बघ. मी राखाडी स्कार्फमध्ये असेन, छातीवर तिसरंच नाव असेल. भिंगरी मला हात करेल, मी बघणार नाही. माझी पाळी आली की मी उभी राहीन आणि आजवर कधी चाचरले नसेन इतकी चाचरेन. चहानंतर ते माझ्या खुर्चीमागे येतील. तिला तेव्हा कळेल की मावशीने तिला थांब्यावर खरं सांगितलं होतं, आणि हेही कळेल की तिची मावशी काय काम करते. ती पुन्हा माझं एकही वाक्य खरं धरणार नाही. धरू नये. मी उठेन, पेला ट्रेमध्ये ठेवीन, त्या बाईसारखी खुर्ची उचलून भिंतीला लावीन आणि दाराकडे निघेन. तेव्हा ती उठून मावशी म्हणून ओरडेल, तुझीच लेक आहे ती. तिचा हात धरू नकोस. ओरडू दे तिला. सगळ्या हॉलला ऐकू जाऊ दे.

तुझीच,
ताई